आंब्याच्या पट्टीत पैन्‌पै लिहिलेली असते, तुमच्या दरपत्रकात का नाही?

प्रति,
भारतात विजेवरच्या मोटारी बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे विक्रीप्रमुख यांस,

देवगड, जि. सिंधुदुर्ग
नोव्हेंबर २०२५

स.न.वि.वि.

मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. कातळावर वडिलांनी लावलेली हापूसची कलमं आहेत, खाली उतारावर थोडे काजू आणि घराजवळ माड-पोफळी. गेली पाच वर्षं मला विजेवरची मोटार घ्यायची आहे, आणि पाच वर्षांत ती घेता आलेली नाही. दोन वर्षं पैसेच नव्हते, ते खरं. बाकीची वर्षं मात्र निव्वळ वाट बघण्यात गेली. नवीन साल लागू दे, नवीन मॉडेल येऊ दे, दर कळू दे. त्या वाट बघण्याबद्दलच हे पत्र आहे.

आमच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, एक सॉकेट आहे, तिथून सुरुवात करतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत माझा चुलतभाऊ पुण्याहून त्याची विजेवरची गाडी घेऊन आला. आल्या आल्या त्याने पडवीतल्या पॉइंटला चार्जर लावला. लाल दिवा लागला, आणि गाडी काही वीज घेईना. माजघरातला पॉइंट बघितला, पंपाचा बघितला, तेच. शेवटी वाडीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजला, तो वीसच्या वर निघाला. चार्जर वीज घेण्याआधी अर्थिंग तपासतो आणि ते नीट नसेल तर वीज घेत नाही, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. वायरमन म्हणाला, "कातळ सुकलो काय अर्थिंग गेला म्हणान समजा." पावसाळ्यात जमीन भिजलेली असते तेव्हा सगळं ठीक चालतं. मार्च उलटला की जांभ्यात ओल राहत नाही आणि जमीन वीज वाहून न्यायचं बंद करते.

मग आम्ही विहिरीच्या कडेला, जिथे बारमाही ओल असते तिथे, पुरुषभर खड्डा खणला. तळाला तांब्याची पट्टी, वर कोळसा आणि जाडं मीठ यांचे थर, मधून पाईप आणि पाईपाच्या तोंडाला नरसाळं. एप्रिल-मे महिन्यांत दर शनिवारी त्यात दोन बादल्या पाणी ओतायचं. तिथून मांगरापर्यंत वेगळी वायर ओढली आणि पंधरा अँपिअरचा सॉकेट बसवला. महावितरणकडे अर्ज करून घराचा मंजूर भारही वाढवून घेतला. खड्डा, पट्टी, वायर आणि मजुरी मिळून आठ हजार सातशे रुपये झाले. चुलतभावाची गाडी त्यावर रात्रभर छान चार्ज झाली आणि तो निघून गेला. सॉकेट तिथेच आहे. मिठाची हवा लागू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचं झाकण लावलंय, झाकणाच्या आत पालीने अंडी घातली होती ती मागच्या महिन्यात काढली. मी अजूनही दर शनिवारी उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओततो.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण गाडी घ्यायची इच्छा आहे की नाही, हा प्रश्न तुमच्या माणसांनी मला पुन्हा विचारू नये.

गरजही आहे. आईला दर दोन महिन्यांनी कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. फोंडा घाट चढून, दाजीपूर-राधानगरीवरून, जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटर होतात. आमच्या जुन्या डिझेल गाडीला त्यात अठराशे रुपयांचं तेल लागतं. विजेच्या गाडीला तेवढ्या अंतराला चाळीस-पंचेचाळीस युनिट लागतील. युनिटला दहा-बारा रुपये धरले तरी पाचशेच्या आसपास हिशेब येतो. शिवाय बागेतली रोजची ये-जा, कणकवली, बँक, खताचं दुकान. ही सगळी वीस-तीस किलोमीटरची, थांबत थांबत करायची कामं. विजेच्या गाडीसाठीच जणू आखलेली.

आता मूळ मुद्दा. तो पैशाचा आहे, पण पैसा किती यापेक्षा पैसा कधी, याचा आहे.

पगारदाराच्या हातात दर महिन्याला पैसे येतात. बागायतदाराच्या हातात वर्षातून एकदाच येतात. नोव्हेंबर-डिसेंबरात मोहोर, मग फवारण्या, थ्रिप्स आणि तुडतुडे, राखणीला ठेवलेली नेपाळी माणसं, करंड्या, पेट्या, गवत. मार्च ते मे आंबा वाशीच्या बाजारात जातो आणि पट्ट्या, म्हणजे दलालाकडून विक्रीच्या हिशेबाचे कागद, येत राहतात. सगळी गोळाबेरीज होऊन, दलालाची उचल वळती होऊन, पीककर्ज फेडून, कृषी केंद्राची उधारी देऊन हातात काय उरलं ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात समजतं. त्यानंतर चार-सहा आठवडे ते पैसे खात्यात असतात. तेवढ्यात मोठा खर्च करायचा तो ठरवावा लागतो. नाही ठरवला तर पैसे आपले आपण जागा शोधतात. कौलं येतात, पंप येतो, मुलांची फी येते, कोणाचं लग्न येतं. गणपतीपर्यंत शिल्लक संपलेली असते, आणि मग पुढच्या जूनपर्यंत काही नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या हजारो घरांचं वर्ष असंच चालतं. मच्छीमारांचंही थोडं वेगळ्या महिन्यांनी तेच.

तुमचं वर्ष कसं चालतं? नवीन गाड्या दाखवायच्या जानेवारीत प्रदर्शनात. दर वाढवायचे जानेवारीत किंवा एप्रिलमध्ये. नवीन रूप आणायचं गणपती-दसऱ्याच्या तोंडावर. शिल्लक माल काढायचा डिसेंबरात. म्हणजे आमच्याकडे पैसे असतात त्या जून-जुलैत तुमच्या दुकानात जाऊन विचारावं तर एकच उत्तर मिळतं : "साहेब, नवीन येणार आहे असं ऐकतोय, पण वरून काही कळवलेलं नाही."

सरकारच्या सवलतींचंही तसंच झालं. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात लवकर गाडी घेणाऱ्याला जास्तीची सूट होती, ती ३१ मार्च २०२२ पर्यंत. विजेच्या गाडीच्या कर्जावरच्या दीड लाखापर्यंतच्या व्याजाला आयकरात वजावट होती, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना. दोन्ही वेळी मार्चअखेर आमच्या पहिल्या पेट्या वाशीला निघालेल्या होत्या. पण सरकारने तारीख निदान आधी सांगितली होती. ती चुकली याचा दोष मी कोणाला देत नाही. तुमच्याबाबतीत तारीखच कळत नाही.

आणि थांबण्यात खरोखर फायदा आहे, हे तुम्हीच दाखवून दिलंत. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा सुरुवातीचा दर १३.९९ लाख होता आणि बॅटरी ३०.२ युनिटची. मे २०२२ मध्ये ४०.५ युनिटची मोठी आवृत्ती आली, ती १७.७४ लाखांपासून. सप्टेंबर २०२४ मध्ये ४५ युनिटची आली, आणि तिचा सुरुवातीचा दर पुन्हा १३.९९ लाख. पावणेपाच वर्षांत तेवढ्याच आकड्याला दीडपट बॅटरी. एका चार्जमधली पहिल्या गाडीची प्रमाणित चाचणीतली धाव ३१२ किलोमीटर होती, शेवटच्या गाडीची ४८९. चाचणीची पद्धत मधल्या काळात बदलली हे धरूनही फरक मोठा आहे.

याचं कारणही समजतं. बॅटरी हा गाडीतला सगळ्यात महाग भाग, आणि तिचा दर जगभर उतरतो आहे. ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ साली बॅटरीची जागतिक सरासरी किंमत साठवणक्षमतेच्या एका युनिटमागे ११५ डॉलरपर्यंत खाली आली, एका वर्षात २० टक्क्यांनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी दर कमी केले तेव्हा बॅटरी स्वस्त झाल्याचं कारण उघडपणे सांगितलं होतं. उतरलेला दर ग्राहकापर्यंत पोचवला, हे चांगलंच केलं. पेट्रोलची गाडी दरवर्षी महाग होत गेलेली आम्ही बघत आलो. उतरणारा दर आमच्यासाठी नवीन आहे आणि त्याचं स्वागतच आहे.

पण उतरणारा दर अचानक सांगितला की काय होतं, ते माझ्या चुलतभावाला विचारा. त्याने गाडी घेतली, पूजा केली, आणि महिना व्हायच्या आत त्याच गाडीचा दर लाखाच्या वर खाली आला. गाडी तीच, रंग तोच, बॅटरी तीच. दुकानात विचारलं तर "आमच्या हातात काही नाही." त्याला राग पैशाचा आला नाही इतका त्याच्या बायकोसमोर मूर्ख ठरल्याचा आला. तिने महिनाभर थांबायला सांगितलं होतं. आता आमच्या सगळ्या नातेवाईकांत कोणी विजेच्या गाडीचं नाव काढलं की पहिलं वाक्य तेच : थोडं थांब. एका घरात एकदा घडलेली गोष्ट पंधरा घरं थांबवते.

एक बाजू ही. दुसरी बाजू नवीन सालाची. पेट्रोलच्या गाडीत २०२५ ची आणि २०२६ ची यांत फार तर चाकांची डिझाइन आणि सीटची कापडं बदलतात. डिसेंबरात दुकानदार चाळीस-पन्नास हजार सोडतो, चासी नंबरातून महिना-साल वाचता येतं, विकताना एक वर्ष जुनी धरली जाते, हे सगळ्यांना पाठ आहे आणि त्याचा हिशेब मांडता येतो. विजेच्या गाडीत साल बदललं की बॅटरी बदलू शकते, चार्जिंगचा वेग बदलू शकतो, बॅटरीची वॉरंटी बदलू शकते. आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर ही वॉरंटी आपण सगळे धरून चाललो होतो. गेल्या वर्षभरात बऱ्याच कंपन्या आजीवन म्हणू लागल्या, पहिल्या मालकापुरती का होईना. ही वरवरची रंगसफेदी नाही. एक साल आधी घेणारा आणि एक साल नंतर घेणारा यांना दोन वेगवेगळ्या वस्तू मिळतात. म्हणून नवीन साल येण्याआधी त्यात काय बदलणार हे कळणं आम्हाला चैन म्हणून नको आहे. त्याशिवाय व्यवहारच नीट होत नाही.

दर सांगण्याची तुमची पद्धत मला कळत नाही, हे स्पष्ट लिहितो. आंब्याची पट्टी कधी बघितली आहे का? एक साधा कागद असतो. वर पेट्यांची संख्या, प्रत्येक पेटीचा भाव, खाली हमाली, तोलाई, मोटारभाडं, घेतलेली उचल, आणि तळाला निव्वळ रक्कम. भाव पडलेला असेल तर पट्टी बघून माणूस दिवसभर बोलत नाही, पण कुठे किती गेलं ते त्याला कळलेलं असतं. आमचे वडील पट्ट्या दोऱ्यात ओवून ठेवायचे. १९८० सालातल्या पट्ट्या अजून आमच्या पेटाऱ्यात आहेत आणि आजही वाचल्या तर एकेक रुपया जुळतो.

तुमचं दरपत्रक हातात घेतलं की मोठ्या अक्षरात एक आकडा, त्याच्या डोक्यावर चांदणी, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात त्या चांदणीचा अर्थ. हा दर सुरुवातीचा आहे. किती गाड्यांपुरता, कोणत्या तारखेपर्यंत, त्यानंतर किती, ते बहुतेक वेळा नसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटांची टियागो ईव्ही ८.४९ लाखांना आली तेव्हा तो दर पहिल्या १०,००० ग्राहकांसाठी, असं स्पष्ट सांगितलं होतं. निदान ती पद्धत सरळ होती. महिंद्रांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ चा सुरुवातीचा दर १८.९० लाख सांगितला. त्यात घरचा चार्जर आणि तो बसवण्याचा खर्च धरलेला नव्हता, आणि वरच्या प्रकारांचे दर कळायला पुढचं साल उजाडलं. एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली ती दोन दरांनी. बॅटरी भाड्याने घेतली तर ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये, बॅटरीसकट घेतली तर साडेतेरा लाख. हा हिशेब मी वहीत मांडून बघितला. साडेतीन लाखांचा फरक, किलोमीटरला साडेतीन रुपये, म्हणजे एक लाख किलोमीटरला दोन्ही पारडी बरोबर येतात. कमी फिरणाऱ्याला भाडं परवडतं, जास्त फिरणाऱ्याला खरेदी. माझ्यासारख्याला ही कल्पना खरोखर उपयोगी आहे, कारण आंबा गेला त्या वर्षी मी कमी फिरतो. पण हा हिशेब ग्राहकाने वहीत का मांडावा? तो पट्टीसारखा तुम्हीच छापून द्या.

आणि आमच्याकडचा दर म्हणजे आमच्याकडचा दर. मुंबईतला नको. एमएच ०७ ची, म्हणजे आमच्या जिल्ह्यातली नोंदणी, विमा, चार्जर, तो देवगडपर्यंत येऊन बसवण्याचा खर्च, आणि त्यात अर्थिंगचा खड्डा धरून. जांभ्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला चार्जर विकायचा आणि अर्थिंगचं नाव काढायचं नाही, म्हणजे विहिरीशिवाय पंप विकण्यासारखं आहे.

धावेबद्दलही एक सांगतो. कोल्हापूरला जायचं म्हणजे समुद्रसपाटीवरून सुमारे सहाशे मीटर वर चढायचं. माणसांसकट सतराशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला, बाकी काही न धरता, पावणेतीन युनिट वीज लागते. हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाचं गणित आहे. तीस युनिटच्या बॅटरीतला जवळजवळ दहावा हिस्सा नुसत्या चढाला गेला. परतीला घाट उतरताना त्यातलं बरंचसं ब्रेकमधून परत बॅटरीत येतं, आणि ब्रेकही तापत नाहीत. फोंडा घाटात पावसाळ्यात डिझेल गाडीचे ब्रेक तापलेला माणूस हे ऐकून खूश होतो. मी स्वतः चुलतभावाच्या गाडीत ते बघितलं. घाटमाथ्यावर बॅटरी ४१ टक्के होती आणि पायथ्याला ४४. आईनेही ते आकडे बघितले, दोनदा विचारलं, "वाढली मा?" हा अनुभव तुमच्या एकाही जाहिरातीत नाही. दाखवता काय, तर डॅशबोर्डवरचा पडदा किती इंचांचा.

पाण्याबद्दल थोडक्यात. बॅटरी आयपी६७ दर्जाची आहे असं तुम्ही सांगता, म्हणजे ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत गेलं आणि तासन्‌तास उतरलं नाही. खारेपाटणला तर पावसाळ्यात पाणी शिरणं नवीन नाही. नवीन सालात गाडीची जमिनीपासूनची उंची वाढली का, तळाचं कवच जाड झालं का, पुरात बुडालेल्या बॅटरीचं वॉरंटीत काय होतं, हे आम्हाला पडद्याच्या आधी कळायला हवं.

थांबवून ठेवण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण यंदाचंच आहे. मारुतीने जानेवारी २०२३ च्या वाहन प्रदर्शनात विजेच्या गाडीची संकल्पना दाखवली. जानेवारी २०२५ मध्ये ई-विटारा दिल्लीत प्रत्यक्ष दाखवली. २६ ऑगस्ट २०२५ ला गुजरातेतल्या हंसलपूरच्या कारखान्यातून तिची निर्यात सुरू झाली, शंभराहून अधिक देशांसाठी. आपल्या देशात बनलेली गाडी परदेशी रवाना झाली, याचा मलाही अभिमान वाटला. पण भारतातला दर नोव्हेंबर २०२५ मध्ये हे पत्र लिहीपर्यंत जाहीर झालेला नव्हता. आमच्या भागात मारुतीवर लोकांचा जीव आहे, दर दुसऱ्या घरी मारुतीची गाडी आहे. त्यामुळे गेल्या जूनमध्ये पैसे हातात असलेली कितीतरी माणसं "मारुतीचं कळू दे" म्हणून थांबली. माझ्याच वाडीत तिघं होते.

त्या तिघांपैकी दोघांनी दिवाळीत पेट्रोलची गाडी घेतली. कारण उघड आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर २०१९ पासून ५ टक्केच आहे, तो तसाच राहिला. दोहोंतलं अंतर एका रात्रीत कमी झालं. त्या दोघांना मी समजावायचा प्रयत्न केला. एकाने सरळ विचारलं, "तुजी कधी येतली ती सांग, मग मी थांबतंय." मला उत्तर देता आलं नाही. ती दोन घरं आता दहा वर्षं पेट्रोल भरणार. तुम्ही हरवलेला ग्राहक दुसऱ्या विजेच्या गाडीकडे गेला असं धरून चालू नका. कोकणात तो परत पेट्रोलकडे जातो.

हे सगळं वाईट वाटतं कारण बाकी वारं आता आमच्या बाजूने आहे. कोकण रेल्वेच्या मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. राज्याचं २०२५ चं धोरण मार्च २०३० पर्यंत आहे, मोटार वाहन करात माफी आहे, महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची असं त्यात लिहिलं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी द्यायची, असंही त्यात आहे. आमच्या महामार्गाचं काम मात्र किती वर्षं चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर इथे लिहीत नाही. सरकारकडे जे मागायचं ते आम्ही आमदारांकडे मागू. तुमच्याकडे जे मागायचं त्याला पैसा फारसा लागत नाही.

ज्या दिवशी गाडी दाखवाल त्या दिवशी दर सांगा. सगळ्या प्रकारांचे, चार्जरसकट. तो पक्का सांगता येत नसेल तर वरची मर्यादा सांगा : याच्या वर जाणार नाही. मी आंबा मोहोरावर असताना दलालाशी बोली करतो, फळ धरलेलंही नसतं. तुमच्याकडे तर कारखाना आहे, पुरवठादारांशी करार आहेत, गाडी तयार आहे. माझ्यापेक्षा तुम्हाला नक्कीच जास्त माहीत असतं.

बॅटरी, चार्जिंगचा वेग किंवा वॉरंटी बदलणार असेल तर सहा महिने आधी कळवा. तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे : आधी सांगितलं तर जुना माल पडून राहतो. तो पडून राहणारच आहे, कारण आज कोणालाच काही माहीत नाही म्हणून सगळेच थांबलेत. उलट जुन्या सालाची गाडी अमुक इतक्या कमी दराने, असं तेव्हाच सांगून टाकाल तर ती घेणारेही आहेत. मला स्वतःला जुन्या सालाची चालेल. तीस युनिटची बॅटरी बागेच्या कामाला पुरेशी आहे. फक्त ती जुनी आहे हे घेताना माहीत हवं आणि दरात दिसायला हवं.

आणि नोंदणी केलेल्याला, किंवा गाडी घेऊन नव्वद दिवस न झालेल्याला, दर उतरला तर फरक परत द्या. रोख नाही तर सर्व्हिसच्या खात्यात द्या, वॉरंटी वाढवून द्या. हे एक केलंत तर "थोडं थांब" हे वाक्य आमच्या घरांतून निघून जाईल. विकत घेणाऱ्याला शिक्षा आणि थांबणाऱ्याला बक्षीस, असं आज चाललं आहे. ते फिरवणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

सध्या आमच्याकडे पाऊस एकदाचा गेला आहे. कलमांना पालवी किती आणि मोहोर किती हे थंडीवर ठरेल. पहाटे पडवीत बसलं की आता थोडा गारवा जाणवतो. मागच्या आठवड्यात आईला कोल्हापूरच्या पुढच्या फेरीबद्दल सांगत होतो, विजेच्या गाडीचं म्हणालो, तर ती म्हणाली, "गाडी येतली तेवा येतली, पण डाक्टराची तारीख सतराची आसा." सतराला आम्ही डिझेल गाडीनेच जाऊ.

यंदा आंबा बरा आला तर १५ जून २०२६ पर्यंत माझा हिशेब झालेला असेल. त्या दिवशी माझ्या खात्यात किती पैसे आहेत ते मला कळेल. तुमच्यापैकी ज्या कंपनीचा पुरता दर, चार्जर आणि अर्थिंगसकट, देवगडपर्यंतचा, तोपर्यंत माझ्या हातात असेल, त्या कंपनीची गाडी घ्यायला मी सोळा तारखेला येईन. खड्ड्यात पाणी ओतलेलं असेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक आंबा बागायतदार
ता. देवगड